एकच गोळी, पण लिव्हर ज्याचं त्याचं

लंडनच्या सेंट मेरीज मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे एक प्रोफेसर होते, औषध पोटात गेल्यावर शरीर त्याचं पुढे काय करतं यावर काम करणारे. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि लॅबमधल्या काही जणांनी डेब्रिसोक्विन नावाची बीपीची गोळी स्वतःच घेऊन बघितली (तेव्हा असं सर्रास चालायचं, आता कुणी केलं तर नोकरी जाईल). बाकीच्यांना विशेष काही झालं नाही आणि स्मिथ सरांचं बीपी मात्र असं धाडकन खाली आलं की ते आडवेच झाले. गोळी तीच, डोस तोच. मग लघवी तपासली तर बाकीच्यांच्या लघवीत औषधाचं बदललेलं रूप भरपूर आणि सरांच्या लघवीत जवळपास सगळं औषध जसं घेतलं तसंच बाहेर आलेलं. म्हणजे त्यांच्या लिव्हरने त्या गोळीला हातच लावला नव्हता. पुढे कुटुंबंच्या कुटुंबं तपासून कळलं की हे आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आलं तरच असं होतं, १९७७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला, आणि सरांच्या लिव्हरमध्ये जो एन्झाइम (रासायनिक बदल घडवून आणणारं प्रोटीन) काम करत नव्हता तो म्हणजे आजचा सिप-२डी६. युरोपियन लोकांत शंभरातले पाच ते दहा जण असे असतात, आपल्याकडे कमी.

सिप म्हणजे सायटोक्रोम पी-४५०, पूर्ण नाव कोणी घेत नाही, लॅबमध्ये सगळे सिपच म्हणतात. माणसात याचे ५७ जीन आहेत पण औषधांचं बहुतेक काम पाचसहा जणच ओढतात, कुठल्याही ऑफिससारखं.

मी फार्मसी करून सध्या एका कंपनीच्या मेटाबॉलिझम लॅबमध्ये आहे त्यामुळे घरात आणि नातेवाईकांत माझी ओळख "हिला गोळ्यांचं विचारा" अशी आहे, आणि विचारलं जातं ते नेहमी एकच, की अगं त्याला ही गोळी लागू पडली मग मला का नाही, किंवा मला हिने त्रास झाला तर डॉक्टर म्हणतात असं होतच नाही. होतं. त्याचंच जरा सविस्तर लिहिते.

शरीराची अडचण साधी आहे. बाहेरून आलेल्या बऱ्याच गोष्टी तेलकट असतात, पाण्यात विरघळत नाहीत, म्हणजे किडनीला त्या लघवीतून टाकता येत नाहीत. मग लिव्हर आधी त्या रेणूला कुठेतरी एखादा ऑक्सिजन चिकटवतं (हे सिपचं काम) आणि मग दुसरे एन्झाइम त्यावर साखरेसारखा, सल्फेटसारखा किंवा ग्लुटाथायोनसारखा (हा शरीर स्वतःच बनवतं तो एक छोटा रेणू) एखादा पाण्यात विरघळणारा तुकडा बांधतात आणि रवानगी करतात. पुस्तकात याला फेज वन आणि फेज टू म्हणतात. वाचायला छान वाटतं, पण पहिल्या पायरीवर जे तयार होतं ते कधीकधी मूळ वस्तूपेक्षा जास्त घातक असतं, आणि लिव्हर डिटॉक्सच्या नावाखाली हिरवे ज्यूस विकणारे हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.

पॅरासिटॅमॉलच घ्या. क्रोसिन, डोलो, ताप आला की आपण न विचारता घेतो. त्यातला बराचसा भाग सरळ फेज टूने जातो, साखर नाहीतर सल्फेट बांधून बाहेर. थोडासा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, सिप-२ई१ च्या हाती लागतो आणि त्याचं नॅपक्वी नावाचं एक फार चिडकं रसायन बनतं जे समोर येईल त्या प्रोटीनला चिकटतं. नेहमीच्या डोसमध्ये ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या की साखर-सल्फेटवाला रस्ता भरून जातो, जास्त माल सिपकडे वळतो, ग्लुटाथायोन संपतं आणि मग नॅपक्वी लिव्हरच्याच पेशी मारायला लागतं. यातली वाईट गोष्ट अशी की पहिल्या दिवशी पेशंट बऱ्यापैकी ठीक दिसतो, थोडी मळमळ, बस. खरं नुकसान दोनतीन दिवसांनी रिपोर्टमध्ये दिसतं. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, ज्यातून शरीर नवीन ग्लुटाथायोन बनवतं, आणि आठ तासांच्या आत दिला तर जवळजवळ खात्रीने लिव्हर वाचतं, नंतर एकेक तास महागात जातो. हेच औषध कफ पातळ करायला पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळीत मिळतं, पण म्हणून विषबाधेवर घरच्याघरी ती गोळी द्यायची नाही, हॉस्पिटलला पळायचं, तिथे ते वजनावर मोजून सलाईनमधून देतात.

मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त चार ग्रॅम हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण सर्दीची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी, तापाची वेगळी, आणि तिन्हीत पॅरासिटॅमॉल आहे हे स्ट्रिपच्या मागे इतक्या बारीक अक्षरात असतं की चष्मा लावूनही दिसत नाही. वर रोज दारू पिणाऱ्याचा सिप-२ई१ वाढलेला आणि खाण्याकडे लक्ष नसल्याने ग्लुटाथायोन कमी. त्याला चार ग्रॅमचा हिशोब लागू होत नाही. ब्रिटनने १९९८ ला साध्या दुकानात एका पाकिटात सोळाच गोळ्या असा नियम केला. आपल्याकडे किराणा दुकानातसुद्धा बरणीत स्ट्रिपा असतात.

आणि हो, मांजराला चुकूनही क्रोसिन देऊ नका. मांजरात साखर बांधणारा तो एन्झाइम नीट कामच करत नाही, एका गोळीत मांजर जाऊ शकतं.

आता टीबी. हा विषय मला सगळ्यात जास्त आपला वाटतो. आयसोनियाझिड १९५२ पासून टीबीवर वापरतात आणि त्याची वासलात लावणारा मुख्य एन्झाइम म्हणजे नॅट-२. हा काहींच्यात भराभर काम करतो, काहींच्यात रमतगमत. आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोक रमतगमत वाले आहेत. त्यांच्या रक्तात आयसोनियाझिड जास्त वेळ जास्त राहतं, त्यामुळे हातापायाला मुंग्या येणं, तळव्यांची जळजळ हे त्यांना जास्त होतं, आणि म्हणून टीबीच्या गोळ्यांसोबत ती छोटीशी बी-सिक्सची गोळी देतात, जी बरेच पेशंट "ही ताकदीची आहे, नाही घेतली तरी चालेल" म्हणून सोडून देतात. लिव्हरला सूज यायचा धोकाही या लोकांना जास्त.

१९५६ ला मद्रासला टीबीचं संशोधन केंद्र सुरू झालं, तिथे हे साठच्या दशकातच व्यवस्थित मोजलं गेलं होतं. आठवड्यातून एकदाच औषध देऊन बघण्याचा एक प्रयोग त्यांनी केला आणि त्यात भराभर वाले मागे पडले, कारण पुढच्या डोसपर्यंत त्यांच्या रक्तात औषध टिकायचंच नाही. रोज गोळी दिली तर फरक फारसा उरत नाही. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच पेशंटवर, इतक्या आधी हे कळलेलं आहे, आणि तरी आजही टीबीच्या गोळ्या वजनाच्या गटावर देतात, नॅट-२ कुणी बघत नाही. जपानमध्ये नॅट-२ बघून डोस ठरवून पाहिला तर संथ लोकांच्या लिव्हरचा त्रास खूपच कमी झाला, २०१३ चा पेपर आहे. आपल्याकडे लाखोंच्या संख्येने पेशंट, प्रत्येकाची जीनची टेस्ट करणं सोपं नाही हे मला मान्य आहे, पण निदान ज्याला एकदा लिव्हरचा त्रास होऊन औषध थांबवावं लागलंय त्याची तरी करावी असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

टीबीच्या त्याच पाकिटात रिफॅम्पिसिन असतं, लघवी लालसर करणारं. लघवीचा रंग बघून लोक घाबरतात आणि तो तर अगदी निरुपद्रवी प्रकार आहे. त्याचा खरा उपद्व्याप वेगळाच. ते लिव्हरला सांगतं की सिप-३ए४ आणि इतरही काही एन्झाइम अजून बनव, अजून बनव, आणि आपल्या वापरातल्या अर्ध्याच्या आसपास औषधांना एकटा सिप-३ए४ तोडतो. त्यामुळे रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या नेमाने घेऊनही दिवस राहू शकतात, रक्त पातळ करायचं वॉरफरिन पुरेनासं होतं, एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावं लागतं. आणि टीबीचा कोर्स संपला की दोनेक आठवड्यांत सगळं उलटं, वाढवलेला वॉरफरिनचा डोस तसाच ठेवला तर रक्तस्राव. नवीन लग्न झालेल्या मुलीला टीबीच्या गोळ्या सुरू करताना गर्भनिरोधकाचं किती ठिकाणी विचारतात? सासू शेजारी बसलेली असते, ती काय बोलणार आणि डॉक्टर तरी काय विचारणार.

याच रिफॅम्पिसिनचा एक देशी किस्सा आहे आणि तो मला फार आवडतो. काळी मिरी आणि पिंपळीतलं पिपरिन हे आतड्यातल्या आणि लिव्हरमधल्या अशा काही एन्झाइमना आणि औषध परत बाहेर ढकलणाऱ्या पंपाला अडवतं. जम्मूच्या सरकारी लॅबमध्ये यावर वर्षानुवर्षं काम झालं आणि २००९ ला कॅडिला कंपनीने रिसोरिन नावाची टीबीची गोळी आणली, त्यात रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी फक्त २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपरिन. १९९८ ला बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने हळदीतलं कुरकुमिन असंच पिपरिनसोबत देऊन पाहिलं होतं तर रक्तात ते वीसपट मिळालं. यावरून लगेच "आमच्या आजीला सगळं माहीत होतं" वाले मेसेज सुरू होतात, तर थांबा जरा. कुरकुमिनला बाहेर काढणारा जो एन्झाइम मिरी थोपवते तोच तुमच्या बाकीच्या गोळ्यांवरही काम करत असतो. भाजीतल्या मिरीने काही होत नाही, पण मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल आणि सोबत बीपी, फिट, हार्टच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. ती कॅप्सूल औषधच आहे, तुम्ही तिला काहीही म्हणा.

औषध सोडून अन्नाचं बघायचं तर १९७४ ला राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात शेकडो आदिवासींना एकदम कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभरावर माणसं गेली. गावातली कुत्रीसुद्धा मेली. कारण निघालं बुरशी लागलेला मका, अवेळी पावसात भिजलेला, आणि दुसरं खायला नव्हतं म्हणून तोच खाल्लेला. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन स्वतः तितकं काही करत नाही, लिव्हरमधले सिप त्याचा इपॉक्साइड (ऑक्सिजन चिकटलेलं, फार चिडकं रूप) करतात आणि तो थेट डीएनएला चिकटतो. ग्लुटाथायोन बांधणारा एन्झाइम वेळेत पोचला तर ठीक, नाही तर नाही. हळूहळू वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पट. म्हणून खवट, काळपट शेंगदाणे "भाजले की चालतात" म्हणून कुटात घालू नका, अफ्लाटॉक्सिन घरच्या भाजण्याने पूर्ण जात नाही.

आता माझ्या कामाकडे. नवीन औषधाचा रेणू बनला की तो आमच्याकडे येतो. माणसाच्या लिव्हरचे मायक्रोसोम (पेशी फोडून काढलेला सिपवाला भाग) उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून काढायचे, ३७ डिग्रीला औषधासोबत ठेवायचे आणि दर काही मिनिटांनी थोडं थोडं काढून मोजायचं की किती उरलं. दहा मिनिटांत सगळं संपलं तर रेणू बनवणाऱ्या केमिस्ट लोकांचे चेहरे पडतात. मग ते रेणूच्या ज्या कोपऱ्यावर सिप चावतोय तिथे एखादा फ्लोरिन बसवून परत पाठवतात. हे महिनोन्महिने चालतं. शिवाय हा रेणू दुसऱ्या औषधांचे सिप अडवतो का, नवीन सिप वाढवतो का, आणि ग्लुटाथायोन टाकून ठेवलं तर त्यात काही अडकतंय का (अडकलं तर समजायचं की नॅपक्वीसारखं काहीतरी बनतंय). प्राण्यांवरच्या चाचणीतही हेच बघायचं, कारण कुत्र्यात नॅट एन्झाइम मुळातच नाही, म्हणजे जे औषध माणसात नॅटने जाणार ते कुत्र्याला देऊन काढलेला निष्कर्ष माणसाला लावता येत नाही.

हे सगळं आज नेमाने होतं कारण आधी माणसं मेली. टर्फेनाडिन नावाची अ‍ॅलर्जीची गोळी अमेरिकेत १९८५ ला आली, झोप न आणणारी म्हणून तुफान खपली. खरं म्हणजे पोटातून लिव्हर पार करेपर्यंत सिप-३ए४ तिला जवळपास पूर्ण बदलून टाकायचा आणि काम करायचं ते बदललेलं रूप. १९९० ला ३९ वर्षांच्या एका बाईची केस छापून आली, ती टर्फेनाडिनसोबत बुरशीवरचं कीटोकोनॅझोल घेत होती. कीटोकोनॅझोलने सिप-३ए४ अडवला, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचलं आणि मूळ रूप हृदयाच्या पोटॅशियम चॅनेलला (ठोक्यांची लय सांभाळणारं पेशीतलं दार) बंद करतं हे तोवर कोणाच्या ध्यानात नव्हतं. ठोके भलतेच बिघडले. एरिथ्रोमायसिनसोबतही तेच. काही लोक दगावले, १९९८ ला गोळी बाजारातून गेली. कंपनीने त्याआधीच, १९९६ ला, ते बदललेलं रूपच वेगळं काढून विकायला आणलं होतं, फेक्सोफेनाडिन. म्हणजे आपली अ‍ॅलेग्रा. आपल्या लिव्हरने आधीच शोधलेलं औषध, एका अर्थाने.

याच काळात कॅनडात डेव्हिड बेली नावाचे संशोधक बीपीच्या फेलोडिपिनवर दारूचा परिणाम बघत होते आणि दारूची चव कळू नये म्हणून ग्रेपफ्रूट ज्यूसमध्ये मिसळून देत होते, तर औषधाची पातळी कित्येक पट वाढली, आणि दोषी दारू नव्हतीच, ज्यूस होता. १९८९ ची गोष्ट. आतड्यातला सिप-३ए४ ते बाद करून टाकतं आणि नवीन तयार होईपर्यंत परिणाम राहतो, त्यामुळे सकाळी ज्यूस आणि संध्याकाळी गोळी असं केलं तरी सुटका नाही. ग्रेपफ्रूट आपण खात नाही पण पपनस त्याचं जन्मदातं आहे आणि त्यातही तीच द्रव्यं असतात, म्हणून किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांनी (त्यांच्या गोळ्या याच सिपने तुटतात) गणपतीतलं पपनस जरा विचारून खावं.

मग कंपन्यांनी हाच उपद्रव कामाला लावला. रिटोनाविर हे १९९६ ला एचआयव्हीचं औषध म्हणून आलं, पण ते सिप-३ए४ ला इतकं पक्कं बंद करतं की पुढे थोड्याशा डोसात दुसऱ्या औषधाला टिकवून धरायलाच वापरायला लागले. कोविडमधल्या पॅक्सलोविडमध्ये दुसरी गोळी म्हणून जी होती ती हीच, ती कोविडचं काही करत नाही, फक्त निर्माट्रेलविरला, म्हणजे त्यातल्या खऱ्या कोविडच्या औषधाला, लिव्हरपासून वाचवते. हुशारी आहेच, पण ज्या म्हाताऱ्या माणसांना ते औषध सगळ्यात जास्त लागायचं त्यांच्याच बाकीच्या सातआठ गोळ्यांशी ते भांडायचं.

उलटा प्रकारही असतो, म्हणजे एन्झाइमने काम केलं तरच औषध चालतं. अँजिओप्लास्टीनंतरचं क्लोपिडोग्रेल सिप-२सी१९ ने बदलल्याशिवाय रक्त पातळ करत नाही, आणि तो एन्झाइम मंद असलेले लोक भारतात भरपूर आहेत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) २०१० ला त्यावर चौकटीतला इशारा छापायला लावला. वर आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला अ‍ॅसिडिटीची गोळी जोडायची सवय, त्यात ओमेप्राझोल असेल तर ते हाच सिप अडवतं, पॅन्टोप्राझोल त्या मानाने बरं.

एका समाजापुरतं उदाहरण सांगायचं तर भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते स्कोलिन. रक्तातला एक एन्झाइम त्याला पाचेक मिनिटांत संपवतो. आंध्र-तेलंगणातल्या आणि आपल्या मराठवाड्यातल्याही आर्य वैश्य समाजात हा एन्झाइम जवळपास नसलेली माणसं इतर ठिकाणांपेक्षा खूप जास्त सापडतात. त्यांना स्कोलिन दिलं की ऑपरेशन संपलं तरी श्वास परत येत नाही, काही तास व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, मग आपोआप ठीक होतात. भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी आडनाव, गाव, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का असं विचारतात तेव्हा लोकांना वाटतं हा नसत्या चौकशा करतोय.

आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न राहिलाच. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते रक्तातलं पिवळं द्रव्य) १.८ किंवा २ आलंय, बाकी लिव्हरचं सगळं नॉर्मल, आणि घरात "कावीळ कावीळ" म्हणून गोंधळ, कुणी माळ घालायला घेऊन जातंय, कुणी तेल बंद करतंय. बऱ्याचदा हे गिल्बर्ट सिंड्रोम असतं. यूजीटी-१ए१ नावाचा साखर बांधणारा एन्झाइम थोडा कमी तयार होतो, एवढंच. उपास केला, जागरण झालं, ताप आला की आकडा वर जातो, परत खाली येतो, माळ घातली तरी आणि नाही घातली तरी. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. फक्त आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकान याच एन्झाइमने बाहेर पडतं, त्यामुळे अशा माणसाला ते नेहमीच्या डोसात दिलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात आणि जुलाब आवरत नाहीत, एफडीएने २००५ पासून त्याच्या लेबलवर हे लिहिलंय. तेव्हा तो रिपोर्ट रद्दीत टाकू नका, फाईलमध्ये लावून ठेवा.